कबड्डीत मुळासकट निघालेला दात : पहिली पंधरा मिनिटं आणि पुढची पाच वर्षं

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. १३ वर्षांचा मुलगा, कबड्डीचा सराव, पकड करताना रेडरचा गुडघा तोंडावर बसला आणि वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला. सरांनी तो शोधला, पुसला, रुमालात गुंडाळून खिशात ठेवला आणि मुलाला घरी आणून सोडलं. रविवार असल्याने दोन दवाखाने बंद मिळाले. तिसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी दात परत बसवला, तोवर दोन तास उलटले होते. आता ते म्हणतात की दात किती टिकेल ते सांगता येत नाही, शिवाय रूट कॅनल लागेल. तुम्ही विचारलंय की चूक कुणाची, नागपुरात सुटीच्या दिवशी जायचं कुठे, आणि पाच आठवड्यांनी निवड चाचणी आहे तर त्याला खेळू द्यायचं का.

मी नागपुरात २४ वर्षं दातांचा दवाखाना चालवते. कबड्डी, खो-खो, हॉकी, क्रिकेट, सायकल, सगळ्या खेळांतले तुटलेले दात माझ्या खुर्चीवर आलेत. चूक कुणाची या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या लिहिण्यात सरांबद्दलचा राग दिसतो. सरांनी दात शोधून जपून आणला, हेसुद्धा सगळे करत नाहीत. कितीतरी पालक दात मैदानातच टाकून येतात आणि मला विचारतात, "मॅडम, दात तं पडला, आता पडलेला लावते का कोणी?" लावतात. मुळासकट निघालेला कायमचा दात परत बसवता येतो आणि काही वेळा आयुष्यभर टिकतो. तो किती टिकेल हे मात्र बहुतेक वेळा दवाखान्यात ठरत नाही. दात पडल्यापासूनच्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत तो कुठे होता, यावर ते ठरतं. म्हणून रविवारी कुठला दवाखाना उघडा असतो त्याआधी, मैदानावर हजर असलेल्या माणसाला काय माहीत असायला हवं, हे सांगते.

दाताचं मूळ हाडात थेट रुतलेलं नसतं. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक अगदी पातळ थर असतो, झोळीसारखा, आणि दात त्यात टांगलेला असतो. दात उखडतो तेव्हा हा थर फाटतो. अर्धा हाडातल्या खोबणीत राहतो, अर्धा मुळाला चिकटून बाहेर येतो. मुळावर दिसणारा तो ओलसर, किंचित गुलाबी पापुद्रा म्हणजे जिवंत पेशी. त्या जिवंत राहिल्या तर खोबणीतल्या अर्ध्याशी पुन्हा जुळतात आणि दात पूर्वीसारखा टांगला जातो. त्या मेल्या, तर हाड त्या मुळाला आपलंच समजून त्याच्याशी जखडून जातं आणि मग हळूहळू मूळ खाऊन तिथे हाड भरत जातं. दात तेव्हा दुखत नाही, हलत नाही, वरून उत्तम दिसतो, आणि आतून मूळ संपत असतं.

या पेशींचा सगळ्यात मोठा शत्रू कोरडेपणा. हवेत उघडा, रुमालात, कागदात किंवा खिशात राहिलेल्या दातावरच्या पेशी मिनिटामिनिटाने मरतात. पंधरा मिनिटांच्या आत दात खोबणीत गेला तर निकाल सगळ्यात चांगला लागतो. तासभर कोरडा राहिला तर पेशी जवळजवळ सगळ्या गेल्या, असंच आम्ही धरून चालतो. दुसरा शत्रू घासणं. एक आई मुलाचा दात टूथब्रशने घासून, पांढराशुभ्र करून, स्वच्छ पिशवीत घालून घेऊन आली होती. त्या बाईंनी किती मायेने ते केलं होतं हे मला दिसत होतं. मुळावर मात्र पापुद्र्याचा मागमूस नव्हता. त्यांना त्या क्षणी मी काही बोलले नाही, बोलून उपयोगही नव्हता. तिसरा शत्रू साधं पाणी. दहा सेकंद धुवायला पाणी चालतं, पण ग्लासभर पाण्यात दात बुडवून ठेवला तर पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. तरीही दुसरं काहीच नसेल तर कोरड्यापेक्षा पाणी बरं.

दूध मात्र या पेशींना मानवतं. त्यातल्या क्षारांचं प्रमाण आणि त्याची आम्लता शरीरातल्या द्रवाच्या जवळची असते. थंड दुधात पेशी काही तास तग धरतात. आपल्याकडे तर कुठल्याही मैदानाबाहेर चहाची टपरी असतेच, आणि टपरीवर पिशवीचं दूध असतंच. ते मागून घ्यायचं, न तापवलेलं, बिनसाखरेचं. फुल क्रीम, टोन्ड असा भेद करत बसायची गरज नाही. पातेल्यातलं उकळतं दूध, ताक, लस्सी, फ्लेवर्ड दूध नको.

या टपरीच्या दुधाची गोष्ट मी सरावाला येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला सांगते. खो-खोची एक मुलगी, १४ वर्षांची, खांबावर डाइव्ह घेताना तोंडावर आपटली. तिच्या पीटीच्या मॅडमना दात बसवायचा धीर झाला नाही, पण त्यांनी तो मुकुटाकडून, म्हणजे हसताना दिसणाऱ्या बाजूने, उचलला आणि समोरच्या टपरीवरून चहाच्या काचेच्या ग्लासात दूध घेऊन त्यात टाकला. स्कूटरवर मागे बसून तो ग्लास हाताने झाकत त्या माझ्याकडे आल्या. वाटेत अर्धं दूध त्यांच्या ओढणीवर सांडलेलं. उरलेलं किंचित गुलाबी झालेलं, तळाशी मातीचे दोन-तीन कण, आणि त्यात दात. मूळ ओलं होतं, पापुद्रा जागेवर. मी सलाइनने माती उडवली, खोबणीतली रक्ताची गाठ धुऊन काढली आणि अंगठ्याने दात वर सरकवला. जागेवर बसताना बोटाला एक मऊसा खटका जाणवतो, तो जाणवला. पडल्यापासून चाळीस मिनिटं झाली होती, त्यांतली कोरडी जेमतेम तीन-चार. त्या मुलीचा दात आज सहा वर्षांनी एक्स-रेमध्ये शेजारच्या दातासारखा दिसतो.

दुधापेक्षाही चांगली जागा म्हणजे दाताची स्वतःची खोबण. खेळाडू शुद्धीवर असेल, नीट बोलत असेल आणि दात कायमचा असेल, तर तिथल्या तिथे बसवणं हा सर्वोत्तम इलाज. इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ डेंटल ट्रॉमॅटॉलॉजी या संस्थेने २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना सुधारल्या, त्यांतही हेच सांगितलंय. ऐकून भीती वाटते, पण पहिल्या काही मिनिटांत तो भाग बधिरलेला असतो आणि वाटतं तितकं दुखत नाही. खेळाडूला बसवायचं. दात आपण हसताना जिथे दिसतो तिथे, म्हणजे मुकुटाला, धरायचा. मुळाला बोट लावायचं नाही. माती असेल तर दुधाने, सलाइनने किंवा नळाच्या बारीक धारेखाली काही सेकंद धुवायचा, पुसायचा नाही. फुगीर बाजू ओठाकडे, खोलगट बाजू जिभेकडे. शेजारचा दात बघून त्याच्या रांगेत येईल असा हळूहळू दाबायचा आणि घडी केलेला स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगायचा. थोडा तिरका बसला तरी हरकत नाही, तो आम्ही सरळ करतो. जातच नसेल तर जोर करू नका. बहुधा आत हाडाचा कपचा आडवा आलेला असतो. दात दुधात टाका आणि निघा.

दूध मिळेना तर खेळाडूला ग्लासात थुंकायला सांगा आणि त्या लाळेत दात ठेवा. गालात धरून आणायची जुनी पद्धत मोठ्या, शांत माणसाला जमते. घाबरलेलं, रडणारं मूल दात गिळतं, म्हणून मी ती सुचवत नाही.

दुधाचे दात परत बसवायचे नाहीत. खाली कायमच्या दाताची कळी असते, तिला इजा होते. सहा वर्षांखालच्या मुलाचा पुढचा दात पडला तर तो दुधाचा धरा. सात-आठ वर्षांच्या मुलात शंका येतेच. कायमचा दात मोठा असतो, मूळ लांब असतं, आणि नुकता आलेला असेल तर कडा करवतीसारखी दातेरी असते. ठरवता येईना तर बसवू नका, दुधात घालून आणा, आम्ही ठरवू. हृदयाच्या झडपेचा आजार असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेल्या खेळाडूचा दातही मैदानावर बसवू नका.

इतकं सगळं दातावर बोलले, पण त्याआधी पाहायची गोष्ट डोकं आहे. ज्या धक्क्याने दात उखडतो तो मेंदूपर्यंत पोहोचलेला असू शकतो. क्षणभर का होईना शुद्ध गेली, उलटी झाली, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतोय, मान दुखतेय, कानातून रक्त किंवा पाणी येतंय, असं काहीही दिसलं तर दात दुधात आणि खेळाडू थेट हॉस्पिटलला. तेव्हा दातासाठी दवाखाने शोधत फिरायचं नाही. आणि दात सापडलाच नाही तर तो मातीत हरवला असं गृहीत धरू नका. तो छातीत गेलेला असू शकतो, एक्स-रे काढावा लागतो. तुटलेला तुकडा ओठात रुतून बसल्याचंही मी पाहिलंय. वरून ओठाला टाके पडलेले आणि आत तुकडा तसाच.

आता तुमच्या मुलाच्या दाताकडे येते. त्याचं मूळ दोन तास कोरडं होतं, त्यामुळे पेशी वाचल्या असण्याची शक्यता फार कमी आहे. तरीही तुमच्या डॉक्टरांनी दात परत बसवला हे बरोबर केलं. मी तेच केलं असतं. पालक विचारतात, टिकणारच नसेल तर बसवायचा कशाला? कारण १३ व्या वर्षी जबडा अजून वाढतोय. तिथे दात राहिला, जखडलेला का होईना, तर हाडाची उंची आणि रुंदी टिकते, शेजारचे दात सरकत नाहीत आणि मूल हसताना तोंडावर हात ठेवत नाही. इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचा कृत्रिम दात, वाढ पूर्ण झाल्याशिवाय बसवत नाहीत, मुलग्यात ते साधारण विशीच्या आसपास जातं. मधली सहा-सात वर्षं भरून काढायला स्वतःच्या दातासारखं दुसरं काही नाही.

रूट कॅनलबद्दल तुमची शंका अशी की नवा कोरा दात, कीड नाही, मग नस का काढायची. दात उखडला तेव्हा मुळाच्या टोकातून आत जाणारी रक्तवाहिनी तुटली. वरचे पुढचे दात सातव्या-आठव्या वर्षी येतात आणि त्यांच्या मुळाचं टोक साधारण दहाव्या वर्षापर्यंत बंद होतं. टोक उघडं असतं, म्हणजे मूल सात-आठ वर्षांचं असतं, तर नस आपोआप पुन्हा जिवंत होण्याची वाट बघता आली असती. तुमच्या मुलाचं टोक बंद झालेलं असणार. आत मेलेली नस सडते आणि तिचं विष मुळाच्या भिंतीतून बाहेर पाझरून मूळ आणखी वेगाने खाल्लं जातं. म्हणून दात बसवल्यापासून दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनल सुरू व्हायला हवं. आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध महिनाभरापर्यंत ठेवतात आणि मग कायमचं भरतात. हे पुढे ढकलू नका. तुमच्या हातात आत्ता जे आहे त्यात सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

बसवलेला दात शेजारच्या दातांच्या आधाराने धरून ठेवायला बांधलेली तार दोन आठवड्यांनी काढायची. खोबणीचं हाडही मोडलं असेल तर चार आठवडे. तार बारीक आणि लवचीक हवी, दाताला किंचित हलू देणारी. मी नवीन होते तेव्हा आम्ही जाड तारेने सहा-सहा आठवडे घट्ट आवळून ठेवायचो, तसंच शिकलो होतो. पुढे समजलं की दात अजिबात हलला नाही तर हाडाशी जखडण्याची शक्यता वाढते. तुमच्या डॉक्टरांनी बारीक तार लावली असेल आणि दात अगदी किंचित हलताना दिसला तर घाबरू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते विचारा, मातीतला दात आहे. दोन आठवडे मऊ खाणं, म्हणजे वरण-भात, खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी. मऊ ब्रश, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक औषधाच्या गुळण्या दिवसातून दोनदा. तार आहे म्हणून ब्रश न करणं ही मोठी चूक मी नेहमी बघते. हिरडी सुजली की सगळी मेहनत वाया जाते.

दात किती टिकेल, हे खरंच सांगता येत नाही. तुमचे डॉक्टर टाळाटाळ करत नाहीयेत. वाढत्या मुलात हाड मूळ भराभर खातं, काही वर्षांत संपवतं. मोठ्या माणसात तीच क्रिया दहा-पंधरा वर्षं रेंगाळू शकते. जखडलेला दात वाढीबरोबर खाली येत नाही, त्यामुळे वर्षा-दोन वर्षांत तो शेजारच्यापेक्षा आखूड दिसायला लागला तर ते त्याचं लक्षण. तसं झालं तर दात ओढून काढू नका, कुणालाही काढू देऊ नका. ओढला तर सोबत हाडही जातं. अशा वेळी फक्त मुकुट कापून मूळ आतच सोडण्याची पद्धत आहे, त्याने हाड वाचतं आणि पुढे इम्प्लांटला जागा राहते. ही वेळ कधी आली ते कळावं म्हणून तपासण्या लागतात: दोन आठवडे, चार आठवडे, तीन महिने, सहा महिने, एक वर्ष, आणि मग निदान पाच वर्षं दरवर्षी एकदा. पहिल्या एक्स-रेचा फोटो मोबाइलमध्ये जपून ठेवा, डॉक्टर बदलले तरी तो लागेल.

सुटीच्या दिवशी नागपुरात जायचं कुठे, ते आता. कामाच्या दिवशी सकाळी मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, परिसरातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे, हिंगणा रोडला खासगी दंत महाविद्यालयं आहेत, मिहानमधल्या एम्समध्ये दंत विभाग आहे. रविवारी किंवा रात्री मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत जा. तिथे डोकं, जबडा, रक्तस्राव बघितला जाईल. दात बसवायला दातांचा डॉक्टर त्याच वेळी हजर असेलच असं नाही. म्हणून माझा सल्ला असा: प्रत्येक क्लबने, प्रत्येक शाळेने आपल्या भागातल्या एक-दोन दंतवैद्यांशी आधीच बोलून ठेवावं. अवेळी दार उघडाल का, एवढंच विचारायचं. आमच्यातले बरेच जण 'हो' म्हणतात. कारण मानकापूरच्या क्रीडा संकुलातून मेडिकलपर्यंत संध्याकाळच्या गर्दीत पाऊण तास सहज जातो, जामठ्याच्या क्रिकेट मैदानाहून तर बोलायलाच नको. दात दुधात असेल तर तो पाऊण तास परवडतो. रुमालात असेल तर नाही.

माझ्या ओळखीच्या एका क्लबच्या खोलीत मी हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलीय, ती तुम्हीही वापरा: "आधी डोकं बघा. दात मुकुटाला धरा. पुसू नका, घासू नका. जमलं तर लगेच जागेवर बसवा. नाही तर थंड दुधात. तासाच्या आत डॉक्टर." खाली दोन फोन नंबर.

दात पूर्ण न पडता तुटला, तर ती तुलनेने बरी गोष्ट. तुकडा शोधा, ओला ठेवा, पाण्यातही चालेल. तो पुन्हा चिकटवता येतो आणि रंग हुबेहूब जुळतो, कारण तो त्याच दाताचा. तुटलेल्या जागी मध्यभागी लाल ठिपका दिसला तर नस उघडी पडलीय, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. कोवळ्या वयात वरवरचा दोन मिलिमीटर भाग काढून औषध लावलं तर उरलेली नस जिवंत राहते, लगेच पूर्ण रूट कॅनल करायला नको. दात आत घुसला असेल तर ओढू नका. लोंबत असेल तर हलकेच जागेवर ढकला आणि चावून धरायला सांगा.

जबडा मोडल्याची खूण सोपी आहे. खेळाडू म्हणतो, "दात पहिल्यासारखे बसत नाहीत." खालचा ओठ बधिर, जिभेखाली काळंनिळं रक्त साकळलेलं, तोंड एका बाजूला सरकतंय. हनुवटीवर फुटलं असेल तर कानापुढचा सांधाही तपासायला हवा, तिथलं हाड मोडलेलं पुष्कळदा सुटून जातं. २००२ मध्ये अँटिग्वाला अनिल कुंबळे मोडलेल्या जबड्याने १४ षटकं टाकून गेला आणि त्याने लाराला बाद केलं, हे आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. मुलांना ती जिद्द दिसते. मला दिसते ती हनुवटीखालून डोक्यावर घेतलेली पट्टी. मोडलेला जबडा वर धरून ठेवणारी तशी पट्टी, साध्या ओढणीची का होईना, हाच मैदानावरचा प्रथमोपचार, आणि त्यानंतर त्याच्यासारखंच ऑपरेशनला जायचं. तुमच्या मुलाला कुणी त्या सामन्याचं उदाहरण देऊन मैदानात उतरवत असेल तर उतरू देऊ नका.

आता निवड चाचणी. पाच आठवड्यांचा अवधी आहे, म्हणजे मार्ग आहे, पण अटींसह. पहिले दोन आठवडे अंगाला अंग लागणारा कुठलाही सराव नाही. धावणं, पायाचे व्यायाम चालतील. तार निघाली, रूट कॅनल सुरू झालं, चार आठवड्यांच्या एक्स-रेत काही वावगं नाही, आणि तोंडात मापाचा माउथगार्ड आहे, एवढं जुळलं तर मी चाचणीला पाठवेन. हाड मोडलेलं असेल आणि तारच चार आठवड्यांनी निघत असेल तर नाही पाठवणार. ते तुमचे डॉक्टर एक्स-रे बघून सांगतील, मी इथून सांगू शकत नाही.

माउथगार्डबद्दल कबड्डीच्या मुलांची एक तक्रार असते आणि ती अगदी रास्त आहे: "मॅडम, तोंडात घातलं की कबड्डी-कबड्डी म्हणता येत नाही." चढाईत पंचाला उच्चार स्पष्ट ऐकू यायला हवा, तो तुटला तर चढाई गेली. खेळाच्या दुकानात मिळणारे, गरम पाण्यात बुडवून चावायचे गार्ड जाडजूड असतात, टाळूकडे पसरतात, सैल होतात आणि दातांनी दाबून धरावे लागतात. तोंड दाबून उच्चार होणार कसा? दंतवैद्याकडून मापाने केलेला गार्ड वरच्या दातांना स्वतःहून घट्ट बसतो. प्लॅस्टरच्या साच्यावर साधारण ४ मिलिमीटरची ईव्हीए या लवचीक प्लॅस्टिकची शीट तापवून, हवा खेचून तो करतात. टाळूकडची कड मी हिरडीलगत कापते आणि मुलाला खुर्चीतच उभं करून तीस सेकंद कबड्डी-कबड्डी म्हणायला लावते. अडखळला तर आणखी घासते. आठवडाभर घरी अभ्यास करताना घालून बसलं की जीभ सरावते.

तुमच्या मुलाच्या बाबतीत एक काळजी घ्या. गार्डचं माप तार निघाल्यावरच घ्या, आणि माप घेणाऱ्याला हा दात ताजा बसवलेला आहे हे आधी सांगा. मापाचा मसाला सेट झाल्यावर झटक्याने ओढून काढतात, त्यात हा दात हलू शकतो. मी अशा वेळी दातांच्या फटी आधी मेणाने बुजवते. तोंडात फिरवायचा स्कॅनर असेल तर उत्तमच, ओढायचा प्रश्नच येत नाही. १३ वर्षांचं तोंड आहे, मागच्या दाढा अजून येताहेत, म्हणून दर हंगामात गार्ड नीट बसतो का बघा आणि सैल झाला तर नवीन करा. डबीत ठेवा, थंड पाण्याने धुवा. आपल्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिला तर एका दुपारीत वाकडा होतो. दर वर्षी दोन-तीन मुलं असा वाकलेला गार्ड घेऊन माझ्याकडे येतात.

रूट कॅनलची तारीख तुम्ही प्रश्नात लिहिलेली नाही. दात बसवून आज सहा दिवस झालेत असं दिसतं, म्हणजे हातात आठ दिवस आहेत. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून ती तारीख आधी पक्की करा.